प्रचाराच्या बातम्या एकतर्फी आहेत का, हे मोजायचं कसं?

प्रश्न असा आहे: निवडणुकीच्या दिवसांत एखादं चॅनल किंवा वर्तमानपत्र एका पक्षाकडे झुकलंय असं वाटतं. ते खरंच झुकलंय की आपल्या मतामुळे तसं दिसतंय, हे ठरवायची काही पद्धत आहे का?

पद्धत आहे. निवडणूक निरीक्षण करणाऱ्या संस्था आणि माध्यम-संशोधक ती अनेक दशकं वापरत आलेत. तिला स्टॉपवॉच, तक्ता आणि भरपूर चिकाटी लागते. मात्र उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ मिळेल ही अपेक्षा सोडा. ते ‘वेळेच्या मापावर इतका झुकाव, सुराच्या मापावर इतका, आणि बातम्यांच्या निवडीत सांगता येत नाही’ अशा तुकड्यांत येतं. सेकंद मोजणं सोपं असतं. ते सेकंद कशाशी ताडून पाहायचे, इथे बहुतेक अभ्यास फसतात.

आधी स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा काढून टाका. १९८५ मध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी स्टॅनफर्डमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या (लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांतल्या) टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या अशा दोन्ही प्रेक्षकांना दाखवल्या. बातम्या त्याच होत्या, तरी दोन्ही गट म्हणाले की त्या आपल्याविरुद्ध आहेत. ज्यांना विषयाची माहिती जास्त होती, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. म्हणजे ‘मी राजकारण जवळून बघतो, मला कळतं’ हा दावा या कामात पुरावा धरता येत नाही. ‘दोन्ही बाजू आम्हाला शिव्या घालतात, म्हणजे आम्ही तटस्थ’ हा संपादकांचा लाडका युक्तिवादही याच कारणाने बाद होतो. शिव्या तर झुकलेल्या बातमीलाही दोन्हीकडून पडतात.

झुकाव तीन ठिकाणी शोधायचा असतो. डॅलेसिओ आणि अ‍ॅलन यांनी २००० साली केलेली विभागणी कामाची आहे: कोणती बातमी घेतली आणि कोणती टाकली; घेतलेल्या बातमीला किती जागा-वेळ दिला; आणि त्यात काय, कोणत्या सुरात म्हटलं. १९४८ पासूनच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांवरचे ५९ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. वर्तमानपत्रांत एका पक्षाकडे सरसकट कल आढळला नाही आणि टीव्हीवर आढळला तो अगदी थोडा. हा निष्कर्ष लोक ‘माध्यमं निष्पक्ष असतात’ असा वाचतात, तो तसा नाही. डावीकडे झुकलेलं एक पत्र आणि उजवीकडे झुकलेलं दुसरं यांची सरासरी काढली की शून्यच येणार. म्हणून मोजमाप प्रत्येक माध्यमाचं वेगळं करायचं आणि सगळ्यांची बेरीज करून निकाल द्यायचा नाही.

तिन्हींत निवडीचा झुकाव सर्वांत ताकदीचा आणि मोजायला सर्वांत वाईट. छापून आलेलं दिसतं. जे आलंच नाही त्याची यादी कुणाकडे नसते. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे यादी बाहेरून आणणं. प्रचाराच्या काळात सगळे पक्ष प्रसिद्धिपत्रकं काढतात, सभांचं वेळापत्रक जाहीर करतात. ती सगळी गोळा करायची आणि मग कुठल्या पक्षाच्या किती पत्रकांची बातमी झाली ते बघायचं. ऑस्ट्रियाच्या २०१३ च्या निवडणुकीत असाच अभ्यास झाला आणि वर्तमानपत्रं आपल्या वाचकांना जवळच्या वाटणाऱ्या पक्षाची पत्रकं जास्त उचलतात असं दिसलं. यात एक काळजी घ्यावी लागते. एखादा पक्ष दिवसाला दहा पत्रकं काढतो, दुसरा दोनच. दहातली तीन छापून आली तर ३० टक्के, दोनातली एक आली तर ५०. नुसत्या टक्क्यांवरून दुसऱ्यावर मेहेरनजर आहे असं वाटेल, म्हणून आकडा आणि टक्का दोन्ही द्यायचे. दुसरा मार्ग बाहेरच्या आकडेवारीचा. लार्सिनेसे, पुग्लिसी आणि स्नायडर यांनी अमेरिकेत बेरोजगारीचा अधिकृत आकडा आणि त्यावर आलेल्या बातम्या यांची सांगड घातली. डेमोक्रॅट उमेदवारांना पाठिंबा देणारी पत्रं रिपब्लिकन अध्यक्ष असताना वाढलेल्या बेरोजगारीवर जास्त लिहीत होती. इथे बेरोजगारी किती होती यावर वाद नाही, त्यामुळे मापही ठाम उभं राहतं.

आता मुख्य अडचण: मोजपट्टी. ‘अ’ पक्षाला ६० टक्के वेळ मिळाला. हे जास्त की कमी? पट्ट्या निदान चार आहेत. सर्वांना समान वाटा. मागच्या निवडणुकीतल्या मतांइतका. किती जागा लढवतोय त्याप्रमाणे. किंवा चाचण्यांत आज जिथे आहे त्याप्रमाणे. प्रत्येक पट्टी कुणाच्या ना कुणाच्या फायद्याची असते. मागच्या मतांची पट्टी नव्या पक्षाला मारते, समान वाट्याची पट्टी एकाच जागेवर उभ्या असलेल्या पक्षाला आभाळ देते. चाचण्यांच्या पट्टीत आणखी एक गोम आहे: चाचणीतलं स्थान अर्धंअधिक प्रसिद्धीतूनच येतं, मग त्याच स्थानावर पुढची प्रसिद्धी वाटायची.

देशांचे कायदेही या पेचातून वेगवेगळ्या वाटांनी सुटतात. फ्रान्समध्ये अध्यक्षीय निवडणुकीत आधी ‘रास्त वाटा’ असतो. तो ठरवताना मागचे निकाल, चाचण्या आणि चर्चेतला सहभाग धरतात. अधिकृत प्रचार सुरू झाला की मात्र सर्व उमेदवारांना काटेकोर समान वेळ. २०१६ च्या कायद्यानंतरची ही घडी आहे. तिथे नियामक संस्था वेळेसोबत प्रसारणाची परिस्थितीही तुलना होण्याजोगी आहे का हे बघते, नाहीतर एखाद्याचा कोटा पहाटे तीनला भरून टाकता येईल. अमेरिकेत १९३४ च्या दळणवळण कायद्याचं कलम ३१५ उमेदवारांना प्रसारणात समान संधी देतं, पण १९५९ पासून बातम्या, बातमीसाठीच्या मुलाखती आणि घटनास्थळावरचं वार्तांकन त्यातून वगळलेलं आहे. मग उरतं काय? २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प एका विनोदी कार्यक्रमात १२ मिनिटं ५ सेकंद दिसले, तेव्हा चॅनलला प्रतिस्पर्ध्यांना तितका वेळ द्यावा लागला. बातम्यांत ट्रम्पना त्याच्या कितीतरी पट वेळ मिळत होता, त्याला हा नियम लागूच नव्हता. दोन्ही बाजूंना संधी देण्याचा तिथला वेगळा दंडक १९४९ मध्ये आला आणि १९८७ मध्ये रद्द झाला. वर्तमानपत्रांवर हे काहीच लागू नाही.

माझ्या मते एकच पट्टी निवडून तिच्यावर निकाल देऊ नये. निदान दोन पट्ट्या लावा आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडा. दोन्हींवर एकाच दिशेला झुकाव आला तर बोलायला जागा आहे. एकीवर आला आणि दुसरीवर नाही, तर तसंच लिहा.

सत्तेत असलेल्यांचं काय करायचं हा त्यातलाच उपप्रश्न. पंतप्रधानांनी पुलाचं उद्घाटन केलं, ही सरकारची बातमी की प्रचार? पूर आला आणि मुख्यमंत्री पाहणीला गेले, हे? यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तक्त्यात ‘भूमिका’ हा वेगळा रकाना ठेवा: पदावरची व्यक्ती की उमेदवार. मग हिशेब दोनदा करा, एकदा पदावरच्या बातम्या धरून, एकदा त्या सोडून. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे सत्तेचा बोनस. अनेक देशांत पक्षपाताची खरी कहाणी या अंतरातच सापडते. सरकारी चॅनल ‘प्रचाराच्या बातम्यांत आम्ही सर्वांना समान वेळ दिला’ म्हणतं, ते खरंही असतं, आणि उरलेल्या बुलेटिनभर मंत्री फिती कापत असतात.

प्रत्यक्ष कामाकडे. आधी नमुना ठरवा. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची निवडणूक पथकं टीव्हीसाठी साधारण संध्याकाळी ६ ते रात्री १२ हा पट्टा घेतात, कारण तेव्हा प्रेक्षक सर्वांत जास्त असतात. एकट्यादुकट्याला ते झेपणार नाही. दोन चॅनलं, प्रत्येकाचं रात्रीचं एक मुख्य बुलेटिन, सलग १४ दिवस, म्हणजे २८ बुलेटिनं, एवढ्याने सुरुवात होते. अर्ध्या तासाचं बुलेटिन नीट भरायला दीड-दोन तास लागतात. दिवस मध्ये गाळू नका. वर्षभराच्या अभ्यासात नमुन्याचे आठवडे चालतात, प्रचारात चालत नाहीत, कारण एक जाहीरनामा किंवा एक अटक अख्ख्या आठवड्याचं चित्र बदलते. वर्तमानपत्र घेतलंत तर रोज एकच आवृत्ती घ्या. एका गावची एक दिवस, दुसऱ्या गावची दुसऱ्या दिवशी असं केलंत की स्थानिक उमेदवारांचे आकडे गडबडतात.

सर्व काही त्याच दिवशी साठवा. चॅनल रेकॉर्ड करा, वेबसाइटच्या पानांचे वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या. ऑनलाइन मथळा दिवसात तीनदा बदलतो आणि आठवड्याने तुमच्याकडे फक्त शेवटचा, सर्वांत सौम्य मथळा उरतो.

मोजण्याचं एकक अख्खी बातमी नसून बातमीतली व्यक्ती किंवा पक्ष हे असतं. एक कल्पित बातमी घेऊ, ११० सेकंदांची. पहिले १४ सेकंद अँकर ‘अ’ पक्षाच्या नेत्याच्या सभेची ओळख करून देते. पुढचे ३८ सेकंद सभेच्या दृश्यांवर वार्ताहराचा आवाज: मैदान फुलून गेलं होतं वगैरे. मग ९ सेकंद नेत्याचा बाइट, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आवाजातला तुकडा. त्यानंतर २३ सेकंद ‘ब’ पक्षाचं उत्तर, पण वार्ताहराच्याच तोंडून, बाइट नाही. १२ सेकंद एक तज्ज्ञ म्हणतात, ‘अ’च्या आश्वासनाला पैसे कुठून येणार. शेवटच्या १४ सेकंदांत वार्ताहर सांगतो की आता ‘ब’ला उत्तर देणं जड जाणार. हिशेब असा: ‘अ’बद्दलचा वेळ ७३ सेकंद, ‘ब’बद्दलचा ३७. स्वतःच्या आवाजात ‘अ’ ९, ‘ब’ शून्य. ‘अ’बद्दल वार्ताहराकडून अनुकूल शेरा एक, तज्ज्ञाकडून प्रतिकूल एक, ‘ब’बद्दल वार्ताहराकडून प्रतिकूल एक.

म्हणजे एकाच बातमीतून तीन वेगळी मापं निघाली आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. वेळ ‘अ’कडे दुपटीने, तज्ज्ञाचा ठोसा मात्र ‘अ’लाच. म्हणून ही मापं एकत्र करून ‘पक्षपात निर्देशांक’ वगैरे बनवायचा मोह टाळा. बाइटचं माप तर नेहमी वेगळं ठेवा. नेता स्वतः बोलतोय की त्याच्याबद्दल कुणी बोलतंय, यात फार फरक आहे. डॅनियल हॅलिन यांनी अमेरिकी नेटवर्क बातम्यांत उमेदवाराचा सरासरी बाइट मोजला: १९६८ मध्ये ४३ सेकंद, १९८८ मध्ये ९. उरलेला वेळ पत्रकारांच्या विवेचनाने भरला. त्यामुळे सुराचं माप आज पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. छापील पत्रात सेकंदांच्या जागी कॉलम सेंटीमीटर, आणि पान क्रमांक, घडीच्या वर की खाली, फोटो आहे की नाही हे रकाने.

सुराचं कोडिंग, म्हणजे प्रत्येक बातमीला ठरलेल्या नियमांनी शिक्का मारणं, हे या कामातलं सर्वांत निसरडं ठिकाण. नियम असा हवा: वाईट बातमी म्हणजे प्रतिकूल सूर नव्हे. उमेदवाराला अटक झाली ही घटना त्याच्यासाठी वाईट आहे. ‘पोलिसांनी अमुक गुन्ह्यात अटक केली’ असं सांगणारी बातमी तरीही तटस्थ असू शकते. म्हणून दोन रकाने करा, घटना त्याच्यासाठी कशी आणि मांडणी कशी. आणि तिसरा: शेरा कुणाचा? प्रतिस्पर्ध्याची टीका दाखवणं हे वार्ताहराने स्वतः टीका करण्यासारखं नाही. हा तिसरा रकाना नसेल तर ज्या नेत्यावर विरोधक जास्त तुटून पडतात त्याच्याविरुद्ध माध्यमं आहेत, असा खोटा निष्कर्ष निघतो.

मांडणी पकडायला क्रियापदं चांगली उपयोगी पडतात. एका नेत्याचं वाक्य ‘म्हणाले’, ‘स्पष्ट केलं’, ‘ठणकावलं’ असं येतं आणि दुसऱ्याचं ‘दावा केला’, ‘सारवासारव केली’, ‘बरळले’ असं. मथळे आणि बाइटच्या आधीची वाक्यं एवढीच काढून क्रियापदांची पक्षवार यादी केली तरी पुष्कळ कळतं. कोडबुकमध्ये (कोडिंगच्या नियमांच्या वहीत) अशा शब्दांची यादी उदाहरणांसकट द्या, आणि ‘शंका आली तर तटस्थ’ हा नियम ठळक लिहा. आवाजाचा चढ-उतार, उपरोध, पार्श्वसंगीत यांना वेगळा रकाना. मुख्य सुरात ते मिसळू नका, कारण तिथे दोन माणसांचं एकमत क्वचित होतं.

एकमत किती होतं हे मोजणं सक्तीचं आहे. एकट्याने भरलेला तक्ता म्हणजे नीटनेटकं मांडलेलं वैयक्तिक मत. निदान दोन कोडर (तक्ता भरणारी माणसं) घ्या, शक्यतो वेगवेगळ्या राजकीय कलाचे. निदान १० टक्के बातम्या दोघांनी एकमेकांशी न बोलता भराव्यात. मग नुसती जुळणारी टक्केवारी पाहून खूश होऊ नका. समजा ८० टक्के बातम्या तटस्थ आहेत आणि १०-१० टक्के अनुकूल-प्रतिकूल. डोळे मिटून त्याच प्रमाणात शिक्के मारले तरी ६६ टक्के जुळतील. म्हणजे दोघांचं ८५ टक्के जुळलं तरी योगायोग वजा केल्यावर ‘कोहेनचा कप्पा’ हा एकमताचा गुणांक जेमतेम ०.५६ येतो. तो पुरेसा नाही. सर्वसाधारण संकेत क्रिपेनडॉर्फच्या अल्फाचा आहे (हाही योगायोग वजा करून एकमत मोजणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण एकमत): ०.८० च्या वर असेल तर निष्कर्ष काढा, ०.६६७ ते ०.८० मध्ये जपून बोला, त्याखाली तो रकाना टाकून द्या. वेळेच्या रकान्यात ०.९ सहज मिळतं; सुराच्या रकान्यात घाम फुटतो. आकडा कमी आला की बहुतेक वेळा दोष माणसांचा नसून कोडबुकचा असतो. पहिल्या ५० बातम्या सरावाच्या समजा, न जुळलेली प्रत्येक जागा समोर ठेवून नियम दुरुस्त करा, आणि त्या ५० अंतिम आकडेवारीत घेऊ नका. आणखी एक तपासणी: न जुळलेल्या जागांची दिशा बघा. एक कोडर नेहमी एकाच पक्षाच्या बाजूने चुकत असेल तर तुम्हाला माध्यमाचा झुकाव मिळण्याआधी कोडरचाच मिळाला आहे.

छापील मजकुरात पक्षांची आणि माणसांची नावं झाकून कोडिंग करता येतं. थोडं अवजड आहे, पण करून बघा. नावं झाकल्यावर कित्येक ‘विषारी’ बातम्या साध्या निघतात.

आता आकडे वाचणं. समजा ‘अ’च्या ६० बातम्यांत १२ प्रतिकूल, म्हणजे २० टक्के, ‘ब’च्या ४० मध्ये १२, म्हणजे ३० टक्के. दहा टक्क्यांचा फरक! पण एवढ्या लहान संख्येत ९५ टक्के खात्रीची मर्यादा त्या फरकाच्या दोन्ही बाजूंना साधारण १७ टक्क्यांची येते. म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. प्रत्यक्षात त्याहून वाईट, कारण बातम्या एकमेकींपासून सुट्या नसतात. एका घोटाळ्याच्या सलग आठ बातम्या म्हणजे आठ वेगळे पुरावे नव्हेत. एका घटनेच्या बातम्यांचा एक गठ्ठा धरा आणि तो गठ्ठा काढून टाकल्यावर निकाल टिकतो का ते बघा. वृत्तसंस्थेची जशीच्या तशी छापलेली बातमी वेगळी खूण करून ठेवा. तिच्या सुराबद्दल पत्राच्या डेस्कला दोष देता येत नाही, ती निवडल्याबद्दल देता येतो.

दोन माध्यमांची तुलना ही एका माध्यमाच्या स्वतंत्र निकालापेक्षा जास्त भरवशाची असते. त्याच दिवशी, त्याच घटनेवर एका चॅनलने ‘अ’ला किती आणि दुसऱ्याने किती दिलं, हे बघितलं की ‘घटनाच तशी होती’ ही सबब गळून पडते. पण सगळीच चॅनलं एका दिशेला झुकली असतील तर ही तुलना आंधळी ठरते. तिथे पुन्हा बाहेरची पट्टी लागते.

यात एक प्रकारचा झुकाव असा आहे की तो कुठल्याच पक्षाकडे नसून नकारात्मक सुराकडे आणि शर्यतीच्या बातम्यांकडे असतो, आणि माझ्या मते मतदाराचं सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. हार्वर्डचे थॉमस पॅटरसन यांच्या अभ्यासात २०१६ च्या अमेरिकी सार्वत्रिक प्रचारात क्लिंटन यांच्याबद्दलचा सूर ६४ टक्के प्रतिकूल होता, ट्रम्प यांच्याबद्दलचा ७७ टक्के. बातम्यांतला ४२ टक्के भाग कोण पुढे-कोण मागे या शर्यतीचा आणि धोरणांचा फक्त १० टक्के. इथे पक्षपात शोधणाऱ्याची एक ठरलेली चूक होते. शर्यतीच्या बातमीत मागे पडलेल्याबद्दल सगळंच प्रतिकूल येतं: सभा फिक्या, कार्यकर्ते थंड, रणनीती चुकली. तोच नेता चाचणीत वर आला की त्याच सभा ‘उत्स्फूर्त’ होतात. हा सूर पक्षाचा नसून चाचणीचा असतो. म्हणून प्रत्येक बातमीला ‘शर्यत / धोरण / वाद / व्यक्तिगत / प्रक्रिया’ असा विषयाचा रकाना हवा, आणि सुराची तुलना शर्यतीच्या बातम्या वगळून निदान एकदा करायलाच हवी. पुष्कळदा तिथे पक्षपात विरघळतो. कधी कधी उलट तिथेच उघडा पडतो.

चाचण्यांच्या बातम्यांत चूक जवळजवळ हमखास सापडते. १,००० जणांच्या चाचणीत प्रत्येक आकड्यात चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना ३ टक्क्यांच्या आसपास असते, दोन उमेदवारांमधल्या अंतराची जवळपास ६. ४४ विरुद्ध ४१ वर ‘मुसंडी’ लिहिणाऱ्या मथळ्याला तक्त्यात खूण करा, आणि अशा खुणा एका पक्षाच्याच वाट्याला येतात का ते पाहा. ग्राफिकमधला उभा अक्ष शून्याऐवजी ४० पासून सुरू केलाय का, हेही त्याच खणात.

चर्चांच्या कार्यक्रमात पाहुण्यांची संख्या मोजणं फसवं आहे. दोन-दोन प्रवक्ते बसवले की समतोल झाला असं चॅनल म्हणतं. बोलण्याचे सेकंद मोजा. अँकरने बोलणं किती वेळा तोडलं ते मोजा, पण बोलण्याच्या दर मिनिटामागे, कारण जो जास्त बोलतो त्याला जास्त वेळा तोडलं जाणारच. प्रश्नांचा प्रकार नोंदवा: माहिती मागणारा, आरोप मांडणारा, की ‘विरोधक अफवा पसरवतात, तुम्हाला काय वाटतं’ अशा थाटाचा पाय पसरायला जागा देणारा. आणि ‘राजकीय विश्लेषक’ अशी पट्टी लावलेल्या पाहुण्याचा पक्षाशी जाहीर संबंध आहे का ते तपासा.

दृश्यांचं कोडिंग आवाज बंद करून करा. जर्मनीत हान्स मथियास केप्लिंगर यांनी १९७६ च्या निवडणुकीतलं चित्रण अभ्यासताना कॅमेऱ्याचा कोन आणि भोवतालच्या लोकांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या होत्या. तेवढे रकाने पुरतात: कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर, खालून की वरून, गर्दी भरगच्च फ्रेममध्ये की रिकाम्या खुर्च्या, टाळ्या की घोषणा.

पैसे देऊन छापवलेली बातमी हा झुकाव नव्हे, ती छुपी जाहिरात आहे. तिला वेगळ्या खात्यात टाका. भारतात प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये या विषयावर अहवाल काढला आणि २०११ मध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या एका आमदाराला अशा मजकुराचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: बायलाइन (वार्ताहराचं नाव) नाही, सूत्र नाही, प्रतिस्पर्ध्याचं नावही नाही; तोच मजकूर त्याच दिवशी दुसऱ्या पत्रात वेगळ्या नावाने; किंवा एकाच पानावर दोन बातम्या, एकीत एक उमेदवार प्रचंड मतांनी येतोय आणि दुसरीत त्याचा प्रतिस्पर्धी. दोन पत्रांची कात्रणं शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळते हे दाखवता आलं तर तो कुठल्याही टक्केवारीपेक्षा भक्कम पुरावा आहे.

सॉफ्टवेअरने होईल का? वेळ मोजायला आणि बोललेलं लिहून काढायला जरूर वापरा. सुरासाठी शब्दयादीवर चालणारी साधनं जवळजवळ निरुपयोगी आहेत. ‘भ्रष्टाचार’, ‘हिंसा’, ‘हल्लाबोल’ दिसले की ती प्रतिकूल म्हणतात, मग नेता भ्रष्टाचाराविरुद्ध का बोलत असेना. जेन्ट्झकोव्ह आणि शापिरो यांनी २०१० मध्ये वेगळा रस्ता घेतला: अमेरिकी संसदेत कोणता पक्ष कोणते शब्दप्रयोग करतो ते काढलं आणि वर्तमानपत्राची भाषा कोणाच्या जवळ आहे ते मोजलं. पत्राचा कल मालकापेक्षा वाचकांच्या कलाशी जास्त जुळतो असं त्यात निघालं. हे माप भाषेची जवळीक सांगतं, खरं-खोटं सांगत नाही, हे विसरायचं नाही. मोठी भाषा-मॉडेलं (चॅटजीपीटीसारखी) वापरणार असाल तर दोन चाचण्या आधी: माणसांनी भरलेल्या काहीशे बातम्यांशी त्यांचा अल्फा काढा, आणि त्याच मजकुरात पक्षांची नावं अदलाबदल करून पुन्हा विचारा. नाव बदलल्यावर शिक्का बदलत असेल तर ते यंत्र पक्षपात मोजत नाही, स्वतःचा दाखवतंय.

झुकाव सापडला म्हणजे मतं फिरली असंही नाही. तो वेगळा अभ्यास आहे, आणि त्याचे आकडे परिस्थितीनुसार टोकाचे बदलतात. डेलाविन्या आणि कॅप्लन यांच्या २००७ च्या अभ्यासात ज्या अमेरिकी शहरांत उजव्या बाजूला झुकलेलं फॉक्स न्यूज चॅनल पोहोचलं तिथे १९९६ ते २००० दरम्यान रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्के-बिंदूंनी वाढली. रशियात १९९९ मध्ये एनटीव्ही हे सरकारी नियंत्रणाबाहेरचं एकमेव राष्ट्रीय चॅनल होतं. ते जिथे दिसत होतं तिथे सरकारी पक्षाची मतं ८.९ टक्के-बिंदूंनी घटली असा अंदाज २०११ च्या अभ्यासात आला. जिथे चॅनलं अनेक आहेत तिथे एकाचा जोर कमी; जिथे पर्यायच एक, तिथे त्याचा जोर कितीतरी पट.

अहवाल लिहिताना हेतूबद्दल एक अक्षर लिहू नका. ‘चॅनल विकलं गेलंय’ हे तुमच्या तक्त्यातून निघत नाही. ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान, शर्यतीच्या बातम्या वगळून, या बुलेटिनमध्ये ‘ब’बद्दल वार्ताहराच्या स्वतःच्या शब्दांतले प्रतिकूल शेरे ‘अ’च्या इतके पट होते’ हे निघतं, आणि हेच खोडणं चॅनलला जड जातं. कोडबुक, दोन्ही कोडरांचे कच्चे तक्ते आणि अल्फाचे आकडे सोबत जोडा. नियामकाकडे तक्रार करायची असेल तर सरासऱ्या मागे ठेवा आणि पुढे तीन-चार प्रसंग द्या: तारीख, प्रसारणाची अचूक वेळ, कालावधी, रेकॉर्डिंग, आणि त्याच घटनेवर दुसऱ्या पक्षाला दिलेली वागणूक. तक्रारीची मुदत आधी बघून ठेवा. ती बहुतेक ठिकाणी कमी असते, आणि मतदान होऊन गेल्यावर निकाल लागला तरी त्याचा उपयोग पुढच्या निवडणुकीपुरताच.